बाजारातल्या बोकडाचं मटण काळपट, चिकट का निघतं?

खानावळ_टेंभुर्णी

नमस्कार मंडळी. टेंभुर्णीच्या अलीकडे सोलापूर रोडला आमची खानावळ आहे. मटण थाळी आणि सुक्क्यावर धंदा चालतो. दुकानातलं तयार मटण मी घेत नाही. जिवंत बोकड घेतो आणि आमचा ठरलेला खाटीक पहाटे कापून देतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं, त्यामुळे शिळ्या मालाचा प्रश्नच येत नाही.

माल दोन वाटांनी येतो. माळशिरसकडचा एक शेळीपालक ओळखीचा आहे. उस्मानाबादी बोकड, आदल्या दिवशी संध्याकाळी छोट्या हत्तीत दोन-चार घालून आणून सोडतो. ते मटण एक नंबर. पण रविवार, गावोगावच्या जत्रा आणि श्रावणाआधीची गर्दी याला तेवढं पुरत नाही. मग व्यापाऱ्याकडून बाजारचा माल घ्यावा लागतो. तो चार बाजार फिरून गोळा केलेला असतो, पिकअपमध्ये दाटीवाटीनं भरून रात्री उशिरा येतो आणि पहाटे कापला जातो.

या दुसऱ्या मालात अधूनमधून एखादा बोकड असा निघतो की मटण जांभळट-काळं दिसतं. हाताला चिकटतं. तास-दोन तास उघडं ठेवलं तरी लाली येत नाही. पातेल्यात टाकल्यावर पाणी सुटत नाही. चाप तव्यावर केले तर बाहेरून करपायला येतात आणि आत तांबडेच राहतात. फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वास यायला लागतो, माळशिरसचं मटण तेव्हा ठणठणीत असतं. गिऱ्हाईक ताटातल्या फोडी बघून म्हणतं, ‘मालक, कालचं मटण वाढलं का?’ याचं फार वाईट वाटतं.

वय कळावं म्हणून दात बघूनच घेतो, दोन्हीकडचे बोकड दोन दातीच, म्हणजे एकाच वयाचे असतात. खाटीक म्हणतो, ‘बोकड दमलेलं होतं, भेदरलेलं होतं.’ व्यापारी म्हणतो चाऱ्याचा फरक आहे. खरं काय? आणि यावर माझ्या हातात काही आहे का?


शेळीपालन_सांगोला

दादा, नुसते दात बघून भागत नाही. दोन दाती म्हणून दिलेला बोकड रोडका आहे का ते पाठीवर हात फिरवून बघा. कणा आणि बरगड्या बोटाला टोचत असतील तर सोडून द्या. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर आणि माळावरच्या काडीकचऱ्यावर राहिलेल्या जनावराच्या मटणाला ना रंग ना चव. आमच्याकडे शेवरी, सुबाभूळ आणि घास चालू असतो, मका-शेंगपेंड थोडी असते. आमच्या मालाची अशी तक्रार आजवर आली नाही. मला व्यापाऱ्याचं म्हणणं पटतं, चाराच.


डॉक्टर_वाई

मी पशुवैद्यक आहे. नोकरीतली बरीच वर्षं पालिकेच्या कत्तलखान्यात जनावरं आणि मांस तपासण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा खाटीक बरोबर सांगतोय. सांगोल्याच्या भाऊंचंही अर्धं बरोबर आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत.

जिवंत जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते. चांगल्या खाल्ल्या-प्यालेल्या, शांत जनावरात ती स्नायूच्या वजनाच्या साधारण एक टक्का भरते. जनावर कापल्यावर रक्त थांबतं, प्राणवायू थांबतो, पण स्नायू लगेच मरत नाही. तो ही साठवलेली साखर प्राणवायूशिवाय वापरत राहतो आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. सामू म्हणजे पीएच, आम्लतेचं माप: आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. जिवंत स्नायूचा सामू सातच्या जरासा वर असतो. हे आम्ल साचत गेलं की तो उतरत उतरत पुढच्या दिवसापर्यंत 5.5 ते 5.7 च्या आसपास स्थिरावतो. मटणाचा लालपणा, हवाहवासा ओलसरपणा, टिकाऊपणा, सगळं या उतरण्यावर अवलंबून आहे.

आता तुमचा बाजारचा बोकड बघा. त्याला घरच्या दावणीवरून सोडलं तेव्हापासून त्याचे हाल सुरू झाले. अनोळखी बोकडांत कोंबलं म्हणून टकरा. गाडीत उभं राहून प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला तोल सावरायचा, म्हणजे पायाचे आणि पाठीचे स्नायू तासन्‌तास ताणलेले. ऊन, तहान, ओरडा, शेपटी पिरगाळणं. भीतीनं ॲड्रेनॅलिन सुटतं आणि ते स्नायूतलं ग्लायकोजेन मोडायला लावतं. पोट रिकामं असल्यामुळे खर्च झालेलं भरून निघत नाही. पहाटे सुरी फिरते तेव्हा कणगी तळाला गेलेली असते. मग आम्ल बनणार कशातून? सामू उतरायला सुरुवात करतो आणि सहाच्या वरच अडकून बसतो.

तुम्ही सांगितलेली एकेक खूण याच्याशी जुळते. सामू वर राहिला की मांसातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात. धागे फुगलेले, एकमेकांना चिकटलेले राहतात. म्हणून पातेल्यात पाणी सुटत नाही आणि मटण हाताला चिकटतं. अशा घट्ट धाग्यांवरून उजेड परतत नाही, आत शोषला जातो, म्हणून मांस गडद दिसतं. उघडं ठेवल्यावर लाली येत नाही याचं कारण वेगळं. ताजं कापलेलं कुठलंही मटण आधी जांभळटच असतं. हवेतला प्राणवायू मायोग्लोबिन या रंगद्रव्याला मिळाला की अर्ध्या तासात ते खुलून लाल होतं. सामू जास्त असेल तर पेशींमधली यंत्रणा अजून प्राणवायू खात असते, मायोग्लोबिनपर्यंत तो पोचू देत नाही. आणि हेच मायोग्लोबिन जास्त सामूत उष्णतेला जास्त टिकाव धरतं, म्हणून तव्यावरचे चाप आत तांबडे राहतात. ते कच्चे राहिलेत की नाही हे रंगावरून ठरवू नका.

वास लवकर येण्याचंही कारण हेच आहे. आम्ल हे मांसाचं नैसर्गिक राखण आहे. ते नसलं की जंतू झपाट्यानं वाढतात. शिवाय जंतू आधी मांसातली साखर खातात, ती संपली की प्रथिनांच्या घटकांवर येतात आणि तेव्हा दुर्गंधी सुटते. तुमच्या काळ्या मटणात साखर मुळातच नाही, म्हणजे जंतू पहिल्याच घासाला प्रथिनांवर जातात. गिऱ्हाइकाला ते शिळं वाटतं. मटण त्याच दिवशीचं असतं, पण वागतं शिळ्यासारखं. स्वच्छता कितीही पाळलीत तरी हा फरक राहतो.

जगभरात या दोषाला डीएफडी म्हणतात, डार्क-फर्म-ड्राय: गडद, घट्ट, कोरडं. गोमांसाच्या व्यापारात अमेरिकेत अशा जनावराला ‘डार्क कटर’ म्हणतात आणि त्याला भाव कमी मिळतो, म्हणून तिकडे यावर भरपूर काम झालं. आपल्याकडे मटण काट्यावर विकलं जातं, रंगाला वेगळा भाव नाही, त्यामुळे नुकसान कुणाच्या वहीत दिसत नाही. ते तुमच्यासारख्यांच्या ताटात दिसतं.

शेळ्यांमध्ये हा त्रास सहज होतो. शेळी बुजरी, चटकन अस्वस्थ होणारी जात. तिच्या मांसाचा अंतिम सामू पुष्कळदा 5.8 च्या वर मिळतो हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. एकटी पडलेली शेळी तर फारच घाबरते. सतत बें बें करणारं, कान मागे टाकून कोपऱ्यात उभं राहणारं, पाण्याला तोंड न लावणारं बोकड दिसलं तर समजा की त्याचा साठा जळतोय.

आणि चारा: सांगोल्याच्या भाऊंसारखा चारा असेल तर साठा मुळातच मोठा असतो, थोडा खर्च झाला तरी आम्ल बनण्याइतका उरतो. उन्हाळ्यातल्या रोडक्या जनावराचा साठा आधीच तुटपुंजा. तोच प्रवास, तीच गाडी, पण त्याचं मटण काळं पडतं आणि शेजारच्याचं नाही. म्हणून तुम्हाला ‘अधूनमधून एखादा’ असा अनुभव येतो.

एक सावधगिरी. प्रत्येक काळं मटण या कारणानं नसतं. वय वाढलं की मायोग्लोबिन वाढतं, म्हाताऱ्या शेळीचं मटण गडदच असतं, पण ते चिकट नसतं आणि लवकर वासही मारत नाही. ताप असलेल्या, आजारी जनावराचं मांसही काळवंडतं, आणि ते खाण्यालायक नसतं. म्हणून कापण्याआधीची तपासणी टाळू नका.


खानावळ_टेंभुर्णी

डॉक्टरताई, मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

आता दोन शंका. बाजारचा माल पहाटेऐवजी एक रात्र आणि एक दिवस थांबवून कापला तर साठा भरून निघेल का? आणि आमच्याकडचे जुने लोक म्हणतात कापायच्या आधी गूळपाणी पाज, ताकद येते. साखरच कमी पडत असेल तर गूळ देऊन भागेल का?

आणखी एक. कधी कधी मटण एवढं काळं नसतं पण चिवट लागतं, तासभर शिट्ट्या दिल्या तरी. तेही हेच का?


डॉक्टर_वाई

गुळाचं आधी सांगते. माणसानं गूळ खाल्ला की साखर रक्तात जाते. शेळी रवंथ करणारं जनावर, तिनं खाल्लेला गूळ आधी मोठ्या पोटातले जंतू गट्ट करतात आणि त्यातून वेगळी आम्लं तयार होतात. त्यातल्या एका आम्लापासून यकृत मग साखर बनवतं. ही लांबची वाट आहे, दोन तासांत मांडीच्या स्नायूत काही पोचत नाही. पिण्याच्या पाण्यात थोडा गूळ टाकल्यामुळे बुजलेलं बोकड पाणी पिणार असेल तर जरूर टाका, पाणी पोटात जाणं महत्त्वाचं आहे. पण ताकद यावी म्हणून गूळ, मका, शिळ्या भाकरी असं पोटभर घातलंत तर उपाशी जनावराला पोटफुगी होते, आम्लता होऊन ते मरूही शकतं. वजन वाढावं म्हणून बाजाराच्या दिवशी धान्य चारणारे लोक मी पाहिलेत. त्यात जनावर तडफडतं आणि कुणाचाच फायदा होत नाही.

थांबवण्याबद्दल: रवंथ करणाऱ्या जनावरांत स्नायूतला साठा फार सावकाश भरतो. पूर्ण रिता झालेला साठा चारा-पाणी मिळूनही भरायला दोन-तीन दिवस सहज लागतात, मोठ्या जनावरांत त्याहूनही जास्त. तेव्हा रात्री आलं आणि सकाळपर्यंत दुकानामागे बांधून ठेवलं याला मी विश्रांती म्हणत नाही. पण चोवीस तासांचा फायदा नक्की होतो. तहान भागते, धाप थांबते, आणखी खर्च थांबतो, थोडं भरूनही येतं. आपल्याकडे 2001 चे कत्तलखान्याचे नियम आहेत, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखालचे. त्यात तपासणी झाल्यावर जनावराला चोवीस तास विश्रांती द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. गाभण मादी, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायचं नाही, आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही हेही त्यातच आहे. हे नियम दयेपोटी केलेत, आणि मांसाच्या दृष्टीनंही ते अचूक आहेत.

मात्र ही विश्रांती नव्या अनोळखी कळपात मिळाली तर उलटं होतं. रात्रभर टकरा खेळणाऱ्या बोकडांचा साठा सकाळी आणखी कमी झालेला असतो. युरोपात तरुण बैलांमध्ये काळ्या मांसाचं मोठं कारण हेच सापडलं: वेगवेगळ्या गोठ्यांतले बैल रात्रभर एकत्र ठेवणं. तुमच्याकडे एका गाडीतून, एकाच शेतकऱ्याचे आलेले बोकड एकत्र ठेवा, बाकीचे वेगळे. खस्सी केलेले आणि न केलेले एकत्र नकोत. आडोसा, सावली, खाली कोरडी जमीन. एकट्यादुकट्या बोकडाजवळ एखादी शांत शेळी बांधली तरी तो गप्प होतो.

चिवटपणाबद्दल तुमचा अंदाज बऱ्याच अंशी बरोबर आहे. गंमत अशी की सामू 6.3 च्याही वर राहिला तर मांस मऊच असतं, चव मात्र बेताची. सर्वांत चिवट निघतं ते मधलं, साधारण 5.8 ते 6.2 वालं, म्हणजे ज्याचा साठा अर्धवट संपलाय असं. आणि बाजारातले बहुतेक बोकड या मधल्याच गटात येत असणार. रंगावरून हे ओळखू येत नाही म्हणून दोष खाटकाला, नाहीतर कुकरला.

मोजायचं असेल तर मांसात टोचायचा सामूमापक मिळतो. तो घेणं परवडत नसेल तर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात पाच ते सात सामू दाखवणाऱ्या बारीक टप्प्यांच्या पट्ट्या मिळतात. मटणाचा तुकडा शुद्ध केलेल्या पाण्यात बारीक कुस्करून पट्टी बुडवा. अगदी नेमका आकडा येणार नाही, पण साडेपाच आणि साडेसहा यातला फरक दिसेल. मांडीचं मटण फ्रीजमध्ये एक दिवस ठेवून मग मोजा, ताज्या मटणाचा सामू अजून उतरतच असतो.


वराहपालन_सावंतवाडी

डॉक्टर, आमच्याकडे उलटा प्रकार. गोव्याला डुकरं पाठवतो. घेणारे म्हणतात मांस फिकट येतं, लिबलिबीत, ट्रेमध्ये पाणी साचतं. मे महिन्यात जास्त. ताणाचाच परिणाम असेल तर काळं का पडत नाही?


डॉक्टर_वाई

कारण डुकरात साठा संपलेला नसतो. प्रवासात हळूहळू खर्च होण्याऐवजी अगदी शेवटच्या काही मिनिटांत ढकलाढकली, किंचाळणं, पळापळ होते आणि कापतेवेळी स्नायू प्रचंड वेगानं साखर जाळत असतो. मग आम्लही वेगानं बनतं. शरीर अजून ऊबदार आणि सामू पाऊण तासातच सहाच्या खाली. उष्णता आणि आम्ल एकत्र आलं की प्रथिनं बिघडतात, पाणी धरू शकत नाहीत. फिकट, मऊ, पाणी गळणारं मांस त्यातून येतं. एकच भीती: लांबली तर काळं, ऐन वेळेला झाली तर फिकट.

डुकरांत यात वंशाचाही भाग आहे. पिएत्रँ या डुकरांच्या जातीत आणि लँड्रेस जातीच्या काही वंशांत एक जनुकदोष असतो, त्यामुळे स्नायूतलं कॅल्शियम आवरलं जात नाही आणि अशी डुकरं नुसत्या ताणानंही दगावतात. हा दोष नेमका कुठल्या जनुकात आहे ते 1991 मध्ये सापडलं, तेव्हापासून तपासणी करून तो वंशातून काढता येतो. पैदाशीचा नर घेताना विचारा. बाकी साधे उपाय: पहाटे वाहतूक, पोचल्यावर अंगावर पाण्याचा फवारा, दोन-तीन तास शांत पडू देणं, आणि शेवटच्या वाटेवर काठी नाही. हातात एक फळी धरून मागे चाललं तरी डुकरं पुढे जातात.


खाटीक_बार्शी

ताईंनी लिहिलेलं आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय, शब्द वेगळे होते. ते म्हणायचे, ‘धापललेलं बोकड कापायचं नाही, आधी त्याचा जीव खाली बसू दे.’ पाणी दाखवल्याशिवाय सुरी हातात घ्यायचे नाहीत. सुरीला धार लावायचं काम आणि पहिलं बोकड टांगलेलं, दोन्ही दुसऱ्या बोकडाच्या नजरेआड. आम्ही आजही हेच करतो.

पण भाऊ, खरी अडचण सांगतो. रविवारी पाच-सहा बोकडं लागतात. ती शनिवारी सकाळी आणून ठेवायची म्हणजे जागा, चारा, राखण. गावात जागा कुठंय? व्यापारी माल रात्रीच देतो, कारण त्यालाही सांभाळायचा नसतो. उपाशी बोकडाचं वजन घटतं म्हणून शेतकरी बाजाराच्या सकाळी भरपूर पाणी पाजतो, घेणारा म्हणतो पोट भरलेलं आहे, वजन कापा. या ओढाताणीत त्या मुक्या जीवाला दिवसभर कोण पाणी पाजत नाही. गाडीतून उतरवताना मागची एक तंगडी धरून ओढतात. कातडी काढल्यावर मांडीवर काळंनिळं रक्त साकळलेलं दिसतं, तेवढा भाग आम्हाला काढून टाकावा लागतो. एका बोकडामागं पाव किलो गेलं तरी ते आमच्याच पदरचं.

मी आता गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, फळी लावल्याशिवाय माल उतरवायचा नाही. उडी मारायला लावली की पाय मुरगळतात, घाबरतातही.


डॉक्टर_वाई

तुमचे वडील जाणते होते. फळीचं फार बरोबर केलंत. फळीवर आडव्या पट्ट्या ठोका आणि पोतं अंथरा, खूर घसरला की जनावर पुढे यायलाच नाही म्हणतं. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी जनावरांच्या नजरेनं कत्तलखान्याच्या वाटा बघायची पद्धत रूढ केली. त्यांचं काम वाचल्यापासून मी कुठंही गेले की आधी खाली वाकून, बोकडाच्या डोळ्यांच्या उंचीवरून वाट बघायचे. लोंबणारी साखळी, डबक्यातली चमक, अंधारात एकदम शिरणारं दार, दारावर वाळत घातलेला शर्ट. माणसाला यातलं काही खटकत नाही, बोकड तिथेच अडतो, आणि मग मार खातो. शर्ट काढला की तोच कळप आपणहून आत जातो. किती जनावरं ओरडली, किती घसरली हे मोजून कामाचा दर्जा ठरवायचा हीही त्यांचीच शिकवण, त्याला कसलं यंत्र लागत नाही.

वाहतुकीचेही नियम आहेत, 1978 पासून. साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसहून जास्त शेळ्या-मेंढ्या भरायच्या नाहीत, शेळ्या आणि मेंढ्या वेगळ्या, पाय बांधायचे नाहीत, वाटेत पाण्याची सोय हवी. पिकअप त्याहून कितीतरी लहान, त्यात किती मावतील याचा हिशोब व्यापाऱ्यासमोर मांडा. गर्दीत एक बोकड खाली बसला की बाकीचे त्याला तुडवतात, आणि फार मोकळी गाडी असली तरी प्रत्येक वळणाला आपटतात, म्हणून थोडीच बोकडं असतील तर मधे आडवी फळी टाकून जागा आवळून घ्या.


मांसतंत्र_ऑकलंड

मूळचा साताऱ्याचा, इथे न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या मांसाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. चिवटपणाचा प्रश्न निघाला म्हणून एक मुद्दा जोडतो, तो जनावराच्या ताणाचा नाही, पण तुमच्याकडे दोन्ही एकत्र होत असण्याची शक्यता आहे.

या देशानं 1882 पासून गोठवलेलं मेंढीचं मांस जहाजानं इंग्लंडला पाठवलं. पुढे गोठवण्याची यंत्रं सुधारली, मांस झटपट थंड व्हायला लागलं आणि कोकराचं मांसही चिवट निघायला लागलं. इथल्या संशोधकांनी 1963 मध्ये कारण दाखवून दिलं. स्नायूचा सामू अजून सहाच्या वर असताना, म्हणजे कापल्यावर पहिल्या काही तासांत, त्याचं तापमान दहा अंशांखाली गेलं तर धागे जोरात आखडतात आणि तसेच राहतात. मग ते शिजवून सुटत नाहीत.

भाऊ पहाटे कापलेलं गरम मटण, जास्तीचं, तुकडे करून लगेच फ्रीजरमध्ये टाकतात का? हाडावरून सोडवलेले तुकडे तर जास्तच आखडतात, कारण त्यांना धरून ठेवणारं काही नसतं. एकतर कापल्यावर लगेच, स्नायू ताठर व्हायच्या आत शिजवून टाका, आपल्याकडे रविवारी सकाळी घराघरात तेच होतं. नाहीतर आठ-दहा तास स्वच्छ, गार जागी, साधारण पंधरा अंशांच्या आसपास अख्खं टांगून मग फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात तुमच्याकडे पंधरा अंश बाहेर मिळणार नाहीत, एसी लावलेली खोली असेल तरच हे करा. उघड्यावर टांगून ठेवू नका.


खानावळ_टेंभुर्णी

होय, उरलेलं लगेच फ्रीजरला जातं आमच्याकडे. ते बंद करतो. लागेल तेवढंच कापून लगेच चुलीवर चढवायचं, एसीची खोली काही आमच्याकडे नाही.

व्यापाऱ्याशी बोललो. रविवारचा माल तो शुक्रवारी रात्री द्यायला तयार आहे, किलोमागं थोडा जास्त दर मागतोय. माळशिरसच्या पोरालाही विचारलं, तो म्हणतो आगाऊ सांगितलं आणि थोडी उचल दिली तर जत्रेच्या दिवसांसाठी वेगळी दहा-बारा बोकडं धरून ठेवीन. मला दुसरं जास्त पटतंय. मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिला दोन गाळे पाडतो. डॉक्टरताई, पाणी आणि चारा कधीपर्यंत द्यायचा तेवढं सांगा. कापायच्या आदल्या रात्री पोट रिकामं ठेवायला खाटीक सांगतो.


डॉक्टर_वाई

खाटकाचं बरोबर आहे, पोट भरलेलं असलं तर आतडी काढताना फुटून मटणाला घाण लागते. बोकड कापण्याआधी बारा तास चारा बंद करा. शनिवारी संध्याकाळी पाचला शेवटचा चारा, रविवारी पहाटे पाचला काम. त्याहून लांबवू नका, चोवीस तासांपुढे उपास गेला की साठाही घटतो आणि मटणाचं वजनही. पाणी मात्र अगदी शेवटपर्यंत समोर हवं. उन्हाळ्यात मोठा बोकड दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो, प्रवासातून आलेला त्याहून जास्त. घरून आलेला बोकड नळाच्या क्लोरिनच्या वासानं तोंड फिरवतो, म्हणून टाकी आदल्या दिवशी भरून उघडी ठेवा. घमेलं उथळ असू द्या, दोन गाळ्यांना दोन वेगळी, म्हणजे दांडगा बोकड बाकीच्यांना हुसकावणार नाही.

पत्र्याच्या शेडवर उसाचं पाचट टाका, मे महिन्यात पत्र्याखाली विश्रांती मिळत नाही. आणि शक्य असेल तर माळशिरसच्या पोरालाच धरा. बाजाराचा टप्पा वगळला की अर्ध्याहून अधिक त्रास तिथेच संपतो, तुमचाही आणि त्या बोकडांचाही. पहिल्या दोन-तीन रविवारी सामूच्या पट्ट्या लावून आकडे इथे टाका, दोन्ही वाटांच्या मालाचे वेगवेगळे. बार्शीच्या भाऊंनी त्यांच्याकडचे टाकले तर फारच चांगलं.